कॉल द मिडवाइफ: पाचव्या सीझननंतर पुढे जावं का?

रानजाई:
पूर्व लंडनमधल्या सुइणी आणि नन्सवरच्या 'कॉल द मिडवाइफ' या बीबीसीच्या मालिकेचे पाच सीझन संपवून सहाव्याच्या सुरुवातीला अडकले आहे. सिस्टर अर्सुला ही नवी प्रमुख नन येते आणि घरभेटींच्या वेळेला कात्री लावते, तिथे. मालिका सोडवत नाही आणि पुढचा भाग लावायला मनही घेत नाही.

पाचव्यातली थॅलिडोमाइडची (गरोदर बायांनी घेतलेल्या आणि बाळांना व्यंग आणणाऱ्या गोळीची) कथा अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही. रोडा मलक्सच्या बाळाकडे पाहताना खोलीतल्या माणसांचे चेहरे, आणि ज्याने गोळी लिहून दिली त्या डॉ. टर्नरलाच बराच काळ कशाचा पत्ता नसणं, हे सगळं फार संयमाने मांडलं आहे. पण भाग संपता संपता निवेदन करणाऱ्या व्हेनेसा रेडग्रेव्हचा आवाज येतो, गल्लीत पोरं खेळताना दिसतात आणि प्रेमाने सगळं निभावतं असं सांगून आपल्याला झोपायला पाठवतात. मधली पन्नास मिनिटं जे कमावलं ते शेवटच्या दोन मिनिटांत सांडतं असं वाटत राहतं.

पुढे हा गोडवा वाढतो की कमी होतो? कुठले सीझन गाळले तरी चालतील? आणि बाळंतपणाचे तपशील खरोखर त्या काळचे आहेत, की आजच्या प्रेक्षकाला झेपेल इतपत धुऊन-पुसून दाखवलेत? जाणकारांनी लिहावं. स्पॉयलर चालतील.

चौकट:
स्पॉयलर चालतील म्हणताय म्हणून मोकळेपणी लिहितो. गोडवा वाढतो.

पहिल्या दोन-अडीच सीझनचा माल जेनिफर वर्थ यांच्या आठवणींच्या तीन पुस्तकांतून आला आहे. वर्थ १९५० च्या दशकात पूर्व लंडनमध्ये सुईण होत्या. २०११ मध्ये त्या गेल्या आणि पहिला भाग लागला जानेवारी २०१२ मध्ये. आठवणींना शेवट गोड करायची सक्ती नसते. मेरी नावाच्या आयरिश मुलीचं बाळ काढून घेतात, ते तिला परत मिळत नाही, गोष्ट तिथे संपते. वर्कहाउसमध्ये वाढलेल्या भावाबहिणीच्या कथेलाही कुणी मलम लावत नाही. पुस्तकं संपली आणि मालिकेच्या लेखिका हायडी थॉमस यांना कथा नव्याने रचाव्या लागल्या. वर्षाला आठ भाग आणि वर एक नाताळचा विशेष भाग द्यायचा म्हटल्यावर साचा पडणारच. एक अवघड बाळंतपण, एक सामाजिक प्रश्न, नन्स आणि सुइणी राहतात त्या नॉनेटस हाउसमधली एखादी गंमत किंवा कुणाचं तरी प्रेमप्रकरण, आणि या सगळ्याच्या गाठी तासाभरात सोडवायच्या. बीबीसी वनवर जाहिराती नसतात, तरी तो तास अपुरा पडतो. म्हणून अडेलतट्टू नवऱ्याचं मन शेवटच्या दहा मिनिटांत पालटतं आणि तुमचा संताप होतो. शिवाय ही रविवारी रात्रीची मालिका. सोमवारी कामावर जायचं असलेल्या प्रेक्षकाला उद्ध्वस्त करून झोपवायचं नाही, हा तिथल्या रविवारच्या मालिकांचा जुनाच संकेत आहे.

निवेदनाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. जेनी ली, म्हणजे मालिकेतल्या वर्थ, तिसऱ्या सीझनच्या शेवटी पॉप्लर ही वस्ती सोडते आणि तरीही म्हाताऱ्या जेनीचा आवाज पुढची अकरा वर्षं तिथल्या बंद दारांआडचं सगळं आपल्याला सांगतो. तिला हे कोण कळवतं, देव जाणे. तो आवाज लागला की खुशाल आवाज बंद करा, कथेतलं काहीही बुडत नाही.

एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यावंच लागेल. ही मालिका काळाशी प्रामाणिक आहे. आयटीव्हीची 'हार्टबीट' १९९२ ते २०१० अशी अठरा सीझन आणि ३७२ भाग चालली, पण यॉर्कशरमधलं तिचं गाव १९६० च्या दशकातून बाहेरच पडलं नाही. इथे एक सीझन म्हणजे एक वर्ष, हा हिशेब पाळला आहे. पहिला १९५७ चा, पाचवा १९६१ चा, २०२५ मध्ये आलेला चौदावा १९७० चा. नटांचं वय आणि पात्रांचं वय बरोबरीने वाढतं. टर्नरांचा टिमथी आपल्या डोळ्यांदेखत वाढतो, त्यासाठी नट बदलावा लागत नाही. नर्स ट्रिक्सीच्या केसांत आणि कपड्यांत बदलतं दशक सहज वाचता येतं.

काय पाहावं याबद्दल माझं मत असं. सहावा आणि सातवा सलग पाहा. अर्सुलाचा जाच फार टिकत नाही, आणि उरकून टाकलेल्या भेटीत काय नजरेतून सुटतं ते त्याच सीझनमध्ये चांगलं दाखवलं आहे. सातव्यात जमैकाची कृष्णवर्णीय नर्स ल्युसिल अँडरसन येते आणि शेवटाकडे नर्स बार्बराचा मृत्यू आहे. तो धक्का खरा आहे, तिथे पाक नाही. आठवा अजिबात चुकवू नका. दहाव्याचे कोविडमुळे सातच भाग आहेत आणि मेफेअरच्या खासगी क्लिनिकचा धागा सोडला तर तो फिका आहे. अकराव्याच्या शेवटी रेल्वे अपघात घडवून आणलाय. तेवढा भाग पुढे ढकलला तरी चालेल, बाळंतपणाच्या मालिकेला रूळ उखडायची गरज पडली यातच काय ते आलं. बाराव्यानंतर वेचून पाहा.

लेबर_रूम:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. तपशील बरेचसे बरोबर आहेत आणि त्याला कारण आहे. मालिकेच्या सल्लागार टेरी कोट्स स्वतः सुईण आहेत. साहित्यात सुईण दिसतच नाही अशी खंत त्यांनी १९९८ मध्ये सुइणींच्या एका व्यावसायिक नियतकालिकात लेख लिहून मांडली होती, आणि तो लेख वाचून वर्थ लिहायला बसल्या. म्हणजे मूळ पुस्तकालाही त्याच कारण आणि मालिकेवर लक्ष ठेवणाऱ्याही त्याच.

आता काय पटतं ते. पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचं पिनार्डचं नळकांडं, पलंगावर अंथरलेला ब्राउन पेपर, उकळत्या पाण्याची पातेली, एनिमा, हे सगळं त्या काळचंच. पहिल्या सीझनमध्ये चमी ही सुईण पायाळू बाळाचं बाळंतपण करते, तो प्रसंग लक्ष देऊन पाहा. पायाळू बाळ ओढायचं नसतं. ओढलं की बाळाचे हात डोक्याच्या वर जातात, हनुवटी छातीपासून सुटते आणि डोकं अडकतं. म्हणून कमरेपर्यंत बाळ बाहेर आलं की हात आवरून बसायचं, धड स्वतःच्या वजनाने लोंबू द्यायचं आणि मानेवरची केसांची रेषा दिसली की मगच घोटे धरून बाळ कमानीसारखं वर न्यायचं. तिथे सगळ्यात अवघड काम असतं काही न करण्याचं, आणि चमीच्या चेहऱ्यावर नेमकं तेच दिसतं.

कॉन्चिताचं पंचविसावं, अपुऱ्या दिवसांचं बाळ आठवा. ती ते रुग्णालयात न्यायला नकार देते, छातीशी उघड्या अंगाला धरून ठेवते आणि थेंब थेंब दूध पाजते. अनेकांना हा भावुकपणा वाटला. पण कातडीला कातडी लावून बाळ ऊबदार ठेवायची हीच पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी रीतसर वापरात आणली, आणि आज आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही 'कांगारू मदर केअर' म्हणून तीच शिकवतात.

आता काय धुऊन-पुसून घेतलंय ते. वेळ, सगळ्यात आधी. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास सहज चालतात, आणि गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावरही जोर करण्यात तासभर किंवा जास्त जातो. मालिकेत तीन कळांत बाळ हातात. त्या काळात ब्रिटनमध्ये डाव्या कुशीवर निजवून बाळंतपण करायची पद्धत सर्रास शिकवत. मालिकेत बाई बहुतेक वेळा उशांना टेकून असते, कारण उघड आहे, कॅमेऱ्याला चेहरा हवा. बाळं फार मोठी आणि स्वच्छ दिसतात, त्यालाही इलाज नाही. जन्माच्या क्षणी कृत्रिम बाळ असतं आणि मग दृश्य तोडून काही दिवसांचं खरं बाळ आणतात. तेही सेटवर थोडाच वेळ ठेवता येतं.

माझी खरी तक्रार वारेबद्दल आहे. बाळ रडलं की संगीत सुरू होतं आणि दृश्य संपतं. घरच्या बाळंतपणात खरा धोका तिथून पुढे असतो. वार पडेपर्यंत थांबायचं, पडल्यावर ती पसरून एखादा तुकडा आत राहिला नाही ना ते पाहायचं, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट झालंय का ते चाचपायचं. तुकडा राहिला किंवा गर्भाशय सैल पडलं की काही मिनिटांत बाई रक्तात न्हाते. डॉक्टर आणि रक्त घेऊन घरी धावणारं फ्लाइंग स्क्वाड ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात निघालं ते मुख्यतः यासाठीच. मालिकेत ते येतं, पण वारेची रोजची निमूट तपासणी बहुतेकदा गाळली जाते.

वेदनाशमनाचा काळ बऱ्यापैकी पाळलाय. सुइणींना डॉ. मिनिट यांचं गॅस आणि हवेचं यंत्र १९३६ पासून वापरता येई, पेथिडिन १९५० पासून, आणि आधीच मिसळून सिलिंडरमध्ये येणारं एन्टोनॉक्स १९६५ पासून. त्यामुळे नवव्या सीझनच्या आधी कुणाच्या हाती ते दिसलं तर खुशाल चूक काढा. पहिल्या सीझनमध्ये गरोदरपणातल्या झटक्यांनी (एक्लॅम्पसियाने) जाणारी बाईही त्या काळाचंच वास्तव आहे. तेव्हा लघवी उकळून तिच्यातली प्रथिनं पाहत, रक्तदाब मोजत, पण झटके सुरू झाल्यावर अंधारी खोली आणि गुंगीची औषधं याखेरीज हाती फारसं काही नसे. भारतात १९६१ मध्ये मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी तीन औषधांचं 'लायटिक कॉकटेल' मांडलं, ते पुढे अनेक वर्षं चाललं. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध श्रेष्ठ, हे अनेक देशांत मिळून घेतलेल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं ते थेट १९९५ मध्ये.

थॅलिडोमाइडबद्दल एकच. डॉ. टर्नरला कळायला इतका वेळ का लागतो, असं बरेच जण विचारतात. ब्रिटनमध्ये ही गोळी 'डिस्टावल' नावाने एप्रिल १९५८ पासून विकली जात होती आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतली गेली. इजा होण्याचा काळ गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसाच्या दरम्यानचा. त्यामुळे चाळिसाव्या दिवशी गोळी सुरू केलेल्या बाईचं बाळ धडधाकट आणि शेजारणीचं तसं नाही, असं व्हायचं. एका डॉक्टरच्या वाट्याला अशी एक-दोनच बाळं यायची आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद एका जागी करायची सोयच नव्हती. अशी नोंद करायची ब्रिटनची पिवळ्या कार्डाची पद्धत १९६४ मध्ये सुरू झाली, याच प्रकरणामुळे. टर्नरचं उशिरा उमगणं हा मालिकेतला सगळ्यात खरा भाग आहे.

घासलेट:
वरचं सगळं मान्य. तरी मला ही मालिका आतून अप्रामाणिक वाटते आणि अडचण शेवटच्या दोन मिनिटांपुरती नाही.

पॉप्लर ही गोदीची वस्ती. सेट पाहा. सुरुवातीला मिल हिलमधलं जुनं मिशनरी कॉलेज, नंतर सरेमधला लाँगक्रॉस स्टुडिओ, आणि गल्ल्यांसाठी चॅटमची ऐतिहासिक गोदी. विटा घासलेल्या, दोरीवरचे कपडे पांढरेशुभ्र. कोळशाच्या धुरात कपडे तसे राहत नाहीत. डिसेंबर १९६२ मध्येही लंडनवर जीवघेणं धुरकं होतं. गरिबी दिसते ती एखाद्या घरापुरती, त्या भागाची 'केस' म्हणून, आणि पुढच्या भागात गल्ली पुन्हा साजरी.

मग गोद्याच घ्या. ईस्ट इंडिया डॉक १९६७ मध्ये बंद झाली, सेंट कॅथरिन १९६८ मध्ये, लंडन डॉक्स १९६९ मध्ये. पोटावर पाय येतोय अशी ही तीन वर्षं, म्हणजे मालिकेचा अकरावा ते तेरावा सीझन. गोदीतल्या बेकारीचं सावट एखाद्या भागात डोकावतं, पण कथेचा कणा होत नाही. त्याऐवजी लग्नं, सौंदर्यस्पर्धा आणि नॉनेटसचा हरकाम्या फ्रेड बकलचे उद्योग.

वंशद्वेषाचंही तसंच. २० एप्रिल १९६८ ला खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध भाषण केलं आणि तीनच दिवसांनी पूर्व लंडनचे गोदीकामगार त्यांच्या समर्थनार्थ वेस्टमिन्स्टरवर, म्हणजे संसदेवर, चालून गेले. हे कोण होते? नॉनेटसच्या सुइणींनी ज्यांची पोरं जन्माला घातली तेच बाप. बाराव्या सीझनमध्ये या सगळ्याची झळ ल्युसिलला बसते, ती खचते आणि जमैकाला निघून जाते. म्हणजे मालिकेने हात घातला, नाकारत नाही. पण तिच्या जगात वंशद्वेष हा कुणा तुसड्या माणसाचा दुर्गुण असतो, आणि मुख्य पात्रांपैकी एकाच्याही मनात तो राहत नाही. १९६८ मध्ये सगळ्या नन्स आणि सगळ्या नर्सेस २०२३ च्या माणसांसारखा विचार करतात, हे गोड आहे आणि खोटं आहे.

लेबर_रूम:
घासलेट, गोदीचा मुद्दा मान्य. मात्र या मालिकेतली हुरहूर गल्लीसाठी आहे असं मला वाटत नाही. सुईण रोज दारात यायची, दोन आठवडे, सुरुवातीला दिवसातून दोनदा, आणि त्याचे पैसे लागत नव्हते. ही हुरहूर त्या गोष्टीची आहे. १९६० मध्ये इंग्लंड-वेल्समधली सुमारे एक तृतीयांश बाळंतपणं घरी होत, १९८० पर्यंत ती जेमतेम एक टक्क्यावर आली. १९५९ च्या क्रॅनब्रुक समितीने ७० टक्के बाळंतपणं रुग्णालयात व्हावीत म्हटलं आणि १९७० च्या पील अहवालाने शंभर टक्क्यांची सोय करा म्हटलं. चौदाव्या सीझनमध्ये कौन्सिल आणि नॉनेटसमधली ओढाताण आहे ती याच काळातली. ज्या कामाभोवती मालिका उभी आहे ते काम संपत चाललंय, आणि हे मालिकेला कळतंय. त्यामुळे चौकट म्हणतात तसं बाराव्यानंतर फक्त वेचून पाहू नका. तेरावा फार तर चाळा, पण चौदावा पूर्ण पाहा.

आणि आठव्याबद्दल. नर्स व्हॅलरीची आजी चोरून गर्भपात करणारी निघते, तो धागा मला संपूर्ण मालिकेत सगळ्यात धीट वाटतो. ती आजी राक्षसीण नाही, तिला आपण बायकांची सोडवणूक करतोय असंच वाटतं, आणि तिच्या हातून बायका जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात जातात. इथे गोड शेवट नाही, नवव्यातही नाही. ब्रिटनचा गर्भपाताचा कायदा १९६७ चा, लागू झाला २७ एप्रिल १९६८ ला. आपल्याकडे महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला. ही कालरेषा मनात ठेवून आठवा सीझन पाहिला की तो परका वाटत नाही.

घासलेट:
आठव्याबद्दल वाद नाही. तो त्यांचा सर्वोत्तम.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. म्हणजे सहा, सात, आठ पूर्ण, दहा चाळायचा, अकराव्याचा शेवट ढकलायचा, चौदा पूर्ण. अजून दोन शंका. नाताळचे विशेष भाग कुठे बसवायचे? यादीत ते कुठेही टाकलेले दिसतात. आणि घरात कुणी गरोदर असेल तर सोबत कुठले भाग लावू नयेत?

चौकट:
नाताळचा भाग पुढच्या सीझनच्या आधी, हा नियम. २०१२ चा दुसऱ्याच्या आधी, २०१३ चा तिसऱ्याच्या आधी, असं. काही ठिकाणी ते मागच्या सीझनच्या शेवटी जोडलेले असतात, ते चालतं, क्रम तोच राहतो. काही ठिकाणी मात्र वेगळ्या कप्प्यात असतात आणि तिथे घोळ होतो, कारण महत्त्वाच्या घटना त्यातच घडतात. डॉ. टर्नर आणि शीलाचं लग्न आणि टिमथीचा पोलिओ २०१३ च्या विशेष भागात आहे. तो सुटला तर तिसऱ्याच्या पहिल्याच भागात शीला ननचा वेश उतरवून संसारात कशी, हे कळत नाही. २०१६ चा दक्षिण आफ्रिकेतला तुमच्या पाचव्या आणि सहाव्याच्या मधला, तो राहिला असेल तर आधी तो पाहा. २०१७ चा कडाक्याच्या थंडीचा भाग सातव्याच्या आधी. मे ही हाँगकाँगहून आलेली मुलगी २०१८ च्या भागात येते आणि पुढे टर्नरांच्या घरातच राहते, तेव्हा आठव्याआधी तोही हवाच.

लेबर_रूम:
गरोदर बाईसोबत पहिल्या सीझनमधला झटक्यांचा भाग नको, पाचवा सीझन पूर्ण नको, आणि आठव्यातले व्हॅलरीच्या आजीचे भाग नकोत. सातव्यात बार्बरा जाते ती मेंदूज्वराच्या जंतूंचं विष रक्तात पसरून, त्याचा बाळंतपणाशी संबंध नाही, पण रडू आवरत नाही. अकराव्यात ल्युसिलचा गर्भ आपोआप पडतो, तो भागही टाळा. बाकी भागांत कुठे मृत जन्म येईल ते आधी सारांश वाचून ठरवा, कारण मालिका तशी सूचना आधी देतेच असं नाही. दुसरा सीझन त्या मानाने सौम्य आहे. आणि शंका आली तर शेवटची दोन मिनिटं आधी पाहा. रेडग्रेव्हबाईंच्या निवेदनाचा तेवढा उपयोग आहे, बाळ वाचलं की नाही ते त्यांच्या सुरावरून लगेच कळतं.